साइट लाइव्ह झाल्यानंतर: एका छोट्या वर्कशॉपच्या वेबसाइटच्या प्रकल्प नोंदी

प्रकल्प: जुन्या लाकडी फर्निचरची दुरुस्ती आणि पॉलिश करणाऱ्या वर्कशॉपची वेबसाइट. टप्पा: प्रचार आणि देखभाल. लाकडाबद्दलचा शब्द मालकांचा, फोन आणि चौकश्या त्यांच्या बहिणीकडे (पुढे सगळीकडे ‘ताई’), साइटची जबाबदारी माझी.

४ ऑगस्ट २०२५

साइट शनिवारी रात्री लाइव्ह झाली. सकाळी मालकांचा फोन: “गुगलवर आपलं नाव टाकलं, दिसत का नाही?”

आधी आपण स्वतःच गुगलला अडवत नाही ना, ते पाहिलं. वर्डप्रेसच्या (साइट ज्यावर बांधली आहे ती प्रणाली) सेटिंगमध्ये सर्च इंजिनांना मज्जाव करणारी एक खूण असते. चाचणीच्या काळात ती लावलेली होती, लाइव्ह करताना काढली होती. तरी पानाचा सोर्स (मागचा कोड) उघडून नोइंडेक्सचा टॅग कुठे उरलेला नाही याची खात्री केली. रोबॉट्स डॉट टीएक्सटी फाइलही वाचली. या दोन्हींची अनेकदा गल्लत होते. रोबॉट्स फाइल फक्त ‘आत येऊन वाचू नका’ एवढंच सांगते. पान गुगलच्या शोधसूचीत घेऊ नका, हे सांगायचं काम नोइंडेक्सचं. दोन्ही एकदम लावले तर गुगल पान वाचतच नाही, म्हणजे नोइंडेक्सही त्याला दिसत नाही, आणि बाहेरच्या लिंकवरून तो पत्ता सूचीत येऊ शकतो. म्हणून चाचणीची प्रत पासवर्डच्या आडच ठेवली आहे.

डीएनएसमध्ये (डोमेनच्या, म्हणजे साइटच्या पत्त्याच्या, तांत्रिक नोंदी) टीएक्सटी रेकॉर्ड टाकून सर्च कन्सोलमध्ये (साइट शोधात कशी दिसते ते दाखवणारं गुगलचं साधन) पूर्ण डोमेनची नोंदणी केली, साइटमॅप (पानांची यादी) दिला. मालकांना सांगितलं की साइटमॅप दिला म्हणजे पानं सूचीत आली असं नव्हे, थोडे दिवस जातील. आणि हेही सांगितलं की नावाने शोधणाऱ्यांना आपण आधीच माहीत आहोत. खरं काम आहे ते ज्यांना आपलं नाव माहीत नाही, पण घरात मोडकी खुर्ची आहे, अशांसाठी.

५ ऑगस्ट

अॅनालिटिक्समध्ये (साइटवरच्या भेटी मोजणारं गुगलचं साधन) सविस्तर डेटा मुळात २ महिनेच ठेवला जातो. तो १४ महिन्यांवर नेला. हे पहिल्याच आठवड्यात करायचं काम आहे, कारण जो डेटा पुसला गेला तो नंतर सेटिंग बदलून परत मिळत नाही. सर्च कन्सोल १६ महिन्यांचं दाखवतं, तिथे काही करावं लागत नाही.

७ ऑगस्ट

डोमेनचं खातं तपासलं. मालक म्हणून वर्कशॉपचं नाव, संपर्काला ताईंचा रोजच्या वापरातला ईमेल, ऑटो-रिन्यू चालू, दुहेरी पडताळणी चालू. माझं नाव कुठेही नाही आणि असूही नये. साइट बनवणाऱ्याच्या नावावर डोमेन असलेले व्यवसाय मी पाहिले आहेत. तो माणूस दुसऱ्या कामाला लागला की व्यवसायाचा पत्ताच परक्याच्या हातात राहतो. पडताळणीच्या ईमेलवर ताईंनी समोरच क्लिक केलं. नव्या नोंदणीनंतर ही पडताळणी १५ दिवसांत झाली नाही तर डोमेन थांबवलं जाऊ शकतं.

ताईंना एक इशारा दिला: ‘तुमच्या डोमेनची मुदत संपत आहे, इथे पैसे भरा’ असे बनावट ईमेल येतात. डोमेनचे पैसे फक्त या खात्यात लॉगिन करून भरायचे, ईमेलमधल्या लिंकवरून कधीच नाही.

११ ऑगस्ट

ताई म्हणाल्या, साइटवरून एकही चौकशी आलेली नाही. लोक येत नसतील असा मालकांचा अंदाज, म्हणून ‘आता जाहिरात देऊ या’ असा विषय निघाला. मी थांबवलं. अॅनालिटिक्समध्ये लोक संपर्काच्या पानापर्यंत पोचलेले दिसत होते. मग पाणी मुरतंय कुठे?

वेगवेगळ्या ईमेल खात्यांवरून फॉर्म भरून पाहिला. साइट प्रत्येक वेळी ‘धन्यवाद, आम्ही लवकरच संपर्क करू’ म्हणत होती. ताईंचा इनबॉक्स मात्र कोरा. स्पॅम उघडलं तेव्हा माझ्या काही चाचण्या तिथे सापडल्या आणि त्यांच्यामध्ये एक खरी चौकशी: जेवणाच्या टेबलावर गरम भांड्याचा पांढरा डाग पडलाय, निघेल का? गेल्या आठवड्यातली. ताईंनी तिथल्या तिथे फोन लावला. याहूच्या खात्यावरून भरलेला फॉर्म तर स्पॅममध्येही नव्हता.

कारणं दोन निघाली. पहिलं, फॉर्मच्या प्लगिनची (वर्डप्रेसला जोडलेला छोटा प्रोग्राम) मूळ सेटिंग. ईमेल ‘कोणाकडून’ या जागी ते फॉर्म भरणाऱ्याचाच पत्ता टाकत होतं. म्हणजे आपला सर्व्हर दुसऱ्याच्या नावाने ईमेल पाठवतोय असं दिसतं. याहूने २०१४ पासून डीएमएआरसीच्या (आपल्या नावाच्या बनावट ईमेलचं काय करायचं, हे सांगणारी नोंद) धोरणातून जगाला सांगून ठेवलं आहे की आमच्या पत्त्यावरून आलेलं पण आमच्याकडून न निघालेलं ईमेल सरळ नाकारा. तसंच झालं. आता ‘कोणाकडून’ला आपल्या डोमेनचा पत्ता आणि ‘उत्तर कोणाला’ला ग्राहकाचा पत्ता, असं केलं. ताईंनी रिप्लाय दाबलं की उत्तर ग्राहकालाच जातं.

दुसरं कारण डीएनएसमध्ये होतं. डोमेनला दोन एसपीएफ रेकॉर्ड (आपल्या नावाने ईमेल कोणते सर्व्हर पाठवू शकतात ती यादी): एक होस्टिंगने आपोआप टाकलेला, दुसरा ईमेल सेवेच्या सूचनांप्रमाणे घातलेला. दोन्ही आपापल्या जागी बरोबर. पण एका डोमेनला एसपीएफ एकच चालतो. दोन सापडले की तपासणारा सर्व्हर कायमची चूक असा शेरा मारतो आणि दोन्ही निकामी ठरतात. दोन्हींमधले पत्ते एका ओळीत आणले. अशा ओळीतून डीएनएसची विचारणा १०पेक्षा जास्त वेळा व्हावी लागली तरी ती बाद होते, म्हणून नको असलेल्या सेवा काढल्या. डीकेआयएमची सहीसुद्धा (ईमेल खरंच आपल्या डोमेनचं असल्याची डिजिटल खूण) चालू केली. २०२४च्या फेब्रुवारीपासून जीमेल प्रत्येक पाठवणाऱ्याकडून एसपीएफ किंवा डीकेआयएम मागतं, मोठ्या प्रमाणावर पाठवणाऱ्यांकडून दोन्ही.

शिवाय प्रत्येक फॉर्मची एक प्रत साइटच्या डेटाबेसमध्ये साठेल अशी सोय केली. ईमेल बुडालं तरी चौकशी बुडता कामा नये.

लोकांना साइटवर बोलवायचं आणि त्यांनी मारलेली हाक आपल्यापर्यंत पोचू द्यायची नाही, यापेक्षा साइट नसलेली बरी. देखभाल हा प्रचाराचाच पहिला भाग आहे, हे मालकांना आज पटलं.

१३ ऑगस्ट

सगळ्या खात्यांवरून आलेले फॉर्म इनबॉक्समध्ये. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी फॉर्म भरणार, ताई उत्तर देणार. “ताई, ‘चाचणी’ असं लिहून आलं तर तो फॉर्म माझा समजा, पण उत्तर द्यायचंच.”

१९ ऑगस्ट

गुगल बिझनेस प्रोफाइल (शोधात आणि नकाशावर दिसणारी व्यवसायाची नोंद) उघडून व्हिडिओवरून पडताळणी केली. मुख्य वर्ग निवडायला वेळ घेतला, कारण शोधात आपण कुठे दिसणार हे बरंचसं त्यावर ठरतं. ‘फर्निचरचं दुकान’ निवडलं असतं तर नवीन सोफा घेणारे फोन करत बसले असते. दुरुस्तीचा वर्ग घेतला. नावापुढे ‘उत्तम, स्वस्त, त्वरित’ असं काही जोडायचं नाही, पाटीवर आहे तेच नाव. नियमही तोच आहे आणि शोभाही त्यातच आहे.

साइट, प्रोफाइल आणि बाकीच्या सूचींमध्ये नाव, पत्ता, फोन अक्षरशः सारखे केले. प्रोफाइलमधल्या साइटच्या लिंकला यूटीएमची शेपटी लावली, म्हणजे तिथून आलेले लोक अॅनालिटिक्समध्ये वेगळे दिसतील.

२२ ऑगस्ट

आज दिवसभर वर्कशॉपमध्ये ताईंच्या टेबलाशेजारी बसले होते. येणाऱ्या फोनमधले प्रश्न वहीत उतरवले, ग्राहकाच्या शब्दांत, माझ्या नाही.

“खुर्चीची वेताची जाळी फाटलीय, विणून मिळेल का?” “कपाटाखाली पीठ सांडतंय, वाळवी आहे का?” “पॉलिशवर पांढरा डाग आलाय.” “खुर्ची डुगडुगते, खिळा मारला तरी डुगडुगते.” “दुरुस्त करायचं की टाकून द्यायचं?”

साइटवर मात्र लिहिलंय: ‘दर्जेदार पुनरुज्जीवन सेवा’. या शब्दांनी कोणी काही शोधत नाही. कपाटाखाली पीठ पाहून घाबरलेला माणूस ‘पीठ’ हाच शब्द टाकतो.

आणि मालकांकडे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तयार आहे. पिठाबद्दल विचारलं तर म्हणाले, लाकडावर टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं आणि खाली बारीक पीठ असेल तर तो लाकूड पोखरणारा भुंगेरा. वाळवी असेल तर मातीच्या नळ्या दिसतात. उपाय वेगळा, घाईही वेगळी. हे ते फोनवर रोज सांगतात आणि फोन ठेवला की हवेत विरतं. साइटचा प्रचार तिथेच आहे. जे ज्ञान रोज तोंडी वाटलं जातं ते लिहून ठेवायचं, एका प्रश्नाला एक पान.

२ सप्टेंबर

पहिलं पान: वेताच्या खुर्चीचं. मालकांनी सांगितलं, मी लिहिलं, त्यांनी खोडलं, मी पुन्हा लिहिलं. गाभा असा: खुर्चीच्या चौकटीला कडेने ओळीत भोकं असतील तर वेत हाताने, पट्टी पट्टी ओवून विणावा लागतो. भोकांऐवजी सलग खाच असेल तर तयार जाळी भिजवून खाचेत दाबून बसवता येते. वेळ आणि खर्च यावरच ठरतो, आणि हे ग्राहकाला घरबसल्या पाहता येतं. भोकांचा आणि खाचेचा जवळून काढलेला एकेक फोटो टाकला. पानाच्या शेवटी एकच विनंती: तुमच्या चौकटीचा असाच फोटो पाठवा.

प्रश्नोत्तरांचा स्ट्रक्चर्ड डेटा (सर्च इंजिनाला समजेल अशी कोडमध्ये मांडलेली माहिती) लावायचा का, यावर विचार केला. शोधात प्रश्न उलगडून दाखवण्याची सोय गुगलने २०२३च्या ऑगस्टपासून नावाजलेल्या सरकारी आणि आरोग्यविषयक साइट्सपुरती ठेवली. आपल्याला उपयोग नाही, सोडून दिलं. व्यवसायाची माहिती, वेळा आणि पत्ता यांचा स्ट्रक्चर्ड डेटा मात्र लावला.

आणखी एक: पानाचा पत्ता देवनागरीत ठेवून व्हॉट्सअॅपवर पाठवून पाहिला. कॉपी करताना देवनागरीचं एकेक अक्षरचिन्ह तीन बाइटचं, म्हणून टक्क्यांच्या खुणांसकट नऊ चिन्हांचं होतं. चार शब्दांच्या शीर्षकाची लांबलचक, अगम्य माळ तयार झाली. अशी लिंक पाहून अनोळखी माणूस दचकतो. पत्ते छोटे, रोमन लिपीत केले. जे आधी बाहेर गेले होते त्यांना ३०१ लावून नव्याकडे वळवलं. लिंकसोबत दिसणारा फोटो आणि मजकूर ओपन ग्राफच्या टॅगमधून नीट येतोय हेही पाहून घेतलं.

१० सप्टेंबर

वेग. मुखपृष्ठावरचा कपाटाचा फोटो फोनमधून काढला तसाच चढवलेला, कित्येक एमबीचा. त्यात प्लगिनने सगळ्याच फोटोंना लेझी लोडिंग (फोटो दिसायची वेळ आली की मगच उतरवणं) लावलं होतं, सगळ्यात वरच्या फोटोलाही. पान उघडताच जो दिसायला हवा तोच शेवटी यायचा. वरच्या फोटोचं लेझी लोडिंग काढलं, बाकीच्यांचं ठेवलं. फोटो लागेल तेवढ्या रुंदीचे करून वेबपीमध्ये (फोटोंचा हलका फॉरमॅट) नेले. प्रत्येक फोटोची उंची-रुंदी कोडमध्ये लिहिली, म्हणजे मजकूर वाचताना खाली उडी मारत नाही.

गुगलची मापं अशी: मुख्य भाग २.५ सेकंदांत, क्लिकला प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत, पान हलण्याचा आकडा ०.१च्या आत. यातलं प्रतिसादाचं माप २०२४च्या मार्चमध्ये बदललं, त्यामुळे जुने लेख वाचून काम करू नये. सर्च कन्सोलमधला हा अहवाल आपल्यासाठी रिकामाच आहे, कारण तो खऱ्या भेटींवरून बनतो आणि लहान साइटला तेवढ्या भेटी नसतात. म्हणून ताईंच्या जुन्या फोनवर, वायफाय बंद करून पाहते. ताईंचा शेरा: “आता पटकन उघडतं.” माझ्यासाठी हे माप पुरेसं आहे.

१८ सप्टेंबर

मालकांना ईमेल: ठरावीक रकमेत शेकडो लिंक, पहिल्या क्रमांकाची हमी. त्यांनी पुढे पाठवून विचारलं, “घ्यायचं का?”

नाही. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीच देऊ शकत नाही, असं खुद्द गुगलच सांगतं. क्रमवारीसाठी लिंक विकत घेणं त्यांच्या नियमांविरुद्ध आहे आणि शोधाच्या पद्धतीतल्या २०१२च्या ‘पेंग्विन’ बदलापासून अशा साइट्स पडलेल्या आहेत. पैसे देऊन लिंक मिळत असेल तर तिला स्पॉन्सर्ड किंवा नोफॉलो (‘क्रमवारीसाठी धरू नका’) अशी खूण हवी, आणि तशी खूण लावली की लिंक विकणाऱ्याच्या मालात काही उरत नाही.

त्याऐवजी मालकांना विचारलं, तुमचं काम मनापासून माहीत असलेलं कोण आहे? वेत पुरवणारे, पॉलिशचं सामान देणारे, आणि ज्यांच्यासाठी त्यांनी जुनी दारं सोलून दिली त्या इंटिरियर डिझायनर. तिघांनाही साइट्स आहेत. ताईंनी ओळखीने फोन केले. डिझायनरबाईंनी दारांच्या कामाचे फोटो आपल्या साइटवर टाकून खाली वर्कशॉपची लिंक दिली. ती लिंक खरी, कारण वाचणारा तिच्यावर क्लिक करतो.

३० सप्टेंबर

सर्च कन्सोलमध्ये काही पानं ‘वाचली, पण सूचीत नाहीत’. पाहिलं तर वर्डप्रेसने आपोआप बनवलेली टॅगची पानं आणि एकेका फोटोची रिकामी पानं. त्यात वाचण्यासारखं काही नाही, गुगलचं बरोबर आहे. टॅगची पानं नोइंडेक्स केली, फोटोंची पानं बंद केली. प्रश्नांची पानं सगळी सूचीत आहेत.

१४ ऑक्टोबर

बॅकअपची परीक्षा. होस्टिंगचा रोजचा बॅकअप हिरवी खूण दाखवतो, पण रिस्टोअर करून पाहिल्याशिवाय त्या खुणेवर विसंबायचं नाही. चाचणीच्या जागेवर कालची प्रत उभी केली. मजकूर आला, फोटो नाहीत. तो बॅकअप फक्त डेटाबेसचा होता, आणि ठेवलेलाही त्याच सर्व्हरवर. सर्व्हर गेला असता तर साइट आणि बॅकअप दोन्ही एकदम गेले असते. आता पूर्ण साइटची प्रत रात्री वेगळ्या ठिकाणी जाते आणि महिन्यातून एकदा ताईंच्या हार्ड डिस्कवर उतरते. पुन्हा उभी करून पाहिली. मालकांनी काढलेले डिंकाच्या सांध्यांचे फोटो जागच्या जागी आले तेव्हा जीव भांड्यात पडला, ते फोटो दुसरीकडे कुठेच नाहीत.

त्याच चाचणीच्या प्रतीवर प्लगिन अपडेट केले, फॉर्म भरला, मग लाइव्हवर नेले. वर्डप्रेसचे छोटे सुरक्षा अपडेट आपोआप होतात, प्लगिनचे आपण पाहायचे. न वापरलेले प्लगिन नुसते बंद न ठेवता काढून टाकले.

२८ ऑक्टोबर

रिव्ह्यू. मालकांची कल्पना: जो रिव्ह्यू देईल त्याला सवलत. गुगलच्या नियमांत बसत नाही. फक्त खूश ग्राहकांनाच विचारणं, तेही नाही. ठरलं असं की फर्निचर घरी पोचवल्यावर ताई प्रत्येकाला आभाराचा एक संदेश पाठवतील, त्यात प्रोफाइलची लिंक. काय लिहायचं ते सुचवायचं नाही.

पहिल्याच काही रिव्ह्यूंमध्ये एक नाराजीचा: पॉलिशचा रंग ठरल्यापेक्षा गडद. मालकांना वाईट वाटलं, काढता येईल का विचारलं. मी म्हटलं, उत्तर द्या, तुमच्याच भाषेत. त्यांनी लिहिलं की जुन्या लाकडाने रंग जास्त ओढला, येऊन पुन्हा करून देतो, आणि यापुढे आतल्या बाजूला नमुना लावून दाखवल्याशिवाय पुढे जाणार नाही. नमुना दाखवण्याची पद्धत त्या दिवसापासून खरंच सुरू झाली आणि साइटवरही लिहिली. चार दिवसांनी एका नव्या ग्राहकाने फोनवर सांगितलं की ते उत्तर वाचून फोन केला.

१३ नोव्हेंबर

शोधातल्या जाहिराती सध्या नाहीत. वर्कशॉपमध्ये जागा नाही, हातात असलेलं काम संपायला वेळ आहे. वाट पाहायला लावून नाराज करण्यासाठी पैसे देऊन लोक का बोलवायचे? साइटवर वर ठळक ओळ टाकली: नवीन काम साधारण कधी हाती घेता येईल. ती ओळ ताई स्वतः बदलतात.

४ डिसेंबर

साइटचं सुरक्षा सर्टिफिकेट (पत्त्यात ‘एचटीटीपीएस’ येतं ते) आपोआप नवं झालं. मोफत मिळणारं हे सर्टिफिकेट ९० दिवसांचं, आणि मुदत संपत आल्याचे ईमेल ते देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टने जूनपासून बंद केले आहेत. म्हणून बाहेरून पहारा ठेवणारी सेवा लावली: साइट बंद पडली किंवा सर्टिफिकेटची मुदत जवळ आली की मला आणि ताईंना दोघींनाही संदेश. विकतच्या सर्टिफिकेटची कमाल मुदतही १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस आणि २०२९ मध्ये ४७ दिवस होणार आहे, तेव्हा हाताने नवं करण्याची सवय कोणालाच परवडणार नाही.

१२ जानेवारी २०२६

सर्च कन्सोलमध्ये वर्कशॉपचं नाव असलेले शोध गाळून पाहिले. नाव माहीत नसलेले, नुसता प्रश्न घेऊन आलेले लोक आता नावाने आलेल्यांपेक्षा जास्त आहेत. पिठाचं पान पहिलं, वेताच्या खुर्चीचं दुसरं. ‘आमच्याविषयी’ पानावर थेट फारसं कोणी येत नाही, पण फोन करण्याआधी बरेच जण ते उघडतात, म्हणून तिथला मालकांचा काम करतानाचा फोटो राहू द्यायचा.

फोनची तऱ्हाही बदलली. ताई सांगतात, पूर्वी पहिला प्रश्न ‘किती घेता?’ असायचा. आता लोक म्हणतात, “चौकटीला भोकं आहेत, खाच नाही, फोटो पाठवलाय.” दर सांगायला ताईंना वर्कशॉपमध्ये जाऊन विचारावं लागत नाही.

कामाची वाटणी ठरली. ताईंकडे: नवीन प्रश्नांची वही, प्रोफाइलमधल्या वेळा आणि सुट्ट्या, रिव्ह्यूंची उत्तरं. माझ्याकडे: महिन्याला अपडेट, फॉर्म आणि तुटक्या लिंक, तीन महिन्यांनी बॅकअप उभा करून पाहणं, वर्षातून एकदा डोमेनचं खातं. जुनी पानंही वर्षातून एकदा मालकांनी वाचायची, कारण सामान बदलतं, पद्धत बदलते.

डागाचं पान ताईंनी स्वतः लिहिलं. मी फक्त शीर्षक लहान केलं.

पुढचं पान सुटलेल्या व्हिनियरचं (फर्निचरवर चिकटवलेला लाकडाचा पातळ थर). मालक म्हणतात, फुगलेल्या जागी नखाने टकटक केलं की पोकळ आवाज येतो, तो लिहून कळणार नाही, ऐकवायलाच हवा. तर या वेळी छोटा व्हिडिओ. शूटिंग गुरुवारी सकाळी, करवत सुरू होण्याआधी.